ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र: विसरायला लागलेल्या सभासदाला घरी बसवू नका

प्रति,
आपापल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचे आणि विरंगुळा केंद्रांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कार्यकारिणीतले सगळे काका-काकू,

नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, कारण पत्र मोठं होणार आहे आणि कोणी अर्ध्यात थांबलं तरी तेवढी तरी पोचायला हवी. तुमच्या संघाचा हॉल आठवड्यातून एका सकाळी दोन तास डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसांसाठी आणि त्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी उघडा, दोघांना एकत्र बोलवा, तुम्ही स्वतः पण त्यांच्यात येऊन बसा, आणि ज्या सभासदाला विसरायला व्हायला लागलंय त्याचं नाव रजिस्टरमधून कमी करू नका. एवढंच मागणं आहे. डे केअर सेंटर काढा असं म्हणत नाहीये, डॉक्टर नेमा असंही नाही. जे तुमच्याकडे आत्ता आहे, म्हणजे तळमजल्यावरचा हॉल, खुर्च्या, चहाचं सामान, आणि गाणारी-बोलणारी-ओळखीची माणसं, त्यातूनच हे होतं.

मी पुण्यात राहते. माझ्या सासऱ्यांना अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, आहे आणि त्यांचं सगळं मी आणि सासूबाई बघतो, नवरा नोकरी सांभाळून जमेल तेवढं करतो. बाबा त्यांच्या संघाचे बरीच वर्षं खजिनदार होते, वर्गणीच्या पावत्या, सहलीचा हिशोब, ऑडिट, सगळं एकहाती. मग एकाच माणसाची पावती दोनदा फाडली जायला लागली, बेरजा चुकायला लागल्या, तेव्हा त्यांनी पद सोडलं आणि ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यानंतर ते नुसते बसायला जायचे तेव्हा तेच तेच विचारायचे, एकदा दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून घरी आले, एकदा व्याख्यान चालू असताना मध्येच उठून पावतीपुस्तक कुठाय म्हणत कपाट उघडायला गेले, आणि मग एक दिवस सासूबाईंना फोन आला, अगदी आपुलकीने, की वहिनी आता त्यांना घरीच आराम करू द्या, रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कोणाची. फोन करणाऱ्या काकांना काय करायचं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग नाही येत. पण त्या फोनचा परिणाम काय झाला तो तुम्हाला कळायला हवा. बाबांना फोनचं काही लक्षात राहिलं नाही, त्यामुळे ते कितीतरी दिवस साडेचार वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे. आणि सासूबाई, ज्या त्यांच्याबरोबर संघात जायच्या, भजनाला बसायच्या, सहलीत अंताक्षरी घ्यायच्या, त्यांचंही जाणं त्याच दिवशी बंद पडलं, कारण बाबांना एकटं ठेवून त्या जाणार कशा? तुमच्या रजिस्टरमध्ये एक नाव कमी झालेलं दिसतं, प्रत्यक्षात दोन माणसं गेलेली असतात. आणि दुसरं माणूस गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही कारण तिला काही झालेलं नसतं, ती ठणठणीत असते, नुसती दिसेनाशी होते.

हे आमच्या घरापुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांचा जो मोठा अभ्यास झाला, लासी-डॅड नावाचा, त्याचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात साठीच्या पुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशात साधारण ८८ लाख माणसं. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आता ढोबळ हिशोब करा, तुमच्या संघात सव्वाशे सभासद असतील तर या प्रमाणाने आठ-नऊ जणांना हा आजार असायला हवा. तुमच्या हॉलमध्ये ते आठ-नऊ जण दिसतात का? नाही दिसत. काहींना अजून कळलेलं नाहीये आणि घरचे वय झालं की होतंच म्हणून सोडून देतायत, आणि बाकीचे घरी आहेत, टीव्हीसमोर, बाहेरून कडी लावलेल्या फ्लॅटमध्ये.

कडी कोणी हौसेने लावत नाही हेही सांगते. माणूस पहाटे तीनला उठतो, ऑफिसला जायचंय म्हणतो, लिफ्टने खाली जातो, वॉचमन झोपलेला असतो. एकदा असं झालं की घरातल्या माणसाची झोप कायमची जाते. सांभाळणारी बहुतेक वेळा बायकोच असते, तिचं स्वतःचं वय सत्तर-पंचाहत्तर, गुडघे गेलेले, शुगर आहे, आणि ती रोज एका पूर्ण वाढलेल्या पुरुषाला अंघोळ घालते. नाहीतर सून असते, मुलगी असते. बरेच मुलगे पण आहेत, लग्न न झालेले किंवा आईसाठी बाहेरगावची नोकरी सोडून आलेले, त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. पुण्यात अशी घरं किती तरी आहेत की मुलं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, इथे फक्त दोघं, आणि त्यातल्या एकाला हे झालेलं, आणि व्हिडिओ कॉलवर ते दहा मिनिटं इतकं छान बोलतात की मुलांना वाटतं आई उगाच वाढवून सांगते. नातेवाईक येतात ते अर्धा तास बसतात आणि जाताना म्हणतात अगं चांगले तर आहेत की. या बाईला कोणीतरी असं हवं असतं की ज्याला पहिल्यापासून काही समजावून सांगावं लागणार नाही. असं माणूस तिला कुठे भेटणार? दवाखान्यात भेटत नाही, तिथे डॉक्टरांकडे वेळ नसतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, चांगले आहेत, रात्री दोन वाजता टाकलेल्या मेसेजलाही कोणीतरी उत्तर देतं, पण तिथे शेजारी बसून चहा नाही पिता येत.

म्हणून संघ. स्पेशल सेंटर चांगली असतात पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला असतात, आणि डिमेन्शियाच्या माणसाला ट्रॅफिकमधून पाऊण तास रिक्षाने न्यायचं म्हणजे तो तिथे पोचेपर्यंतच बिथरलेला असतो. संघ चालत जायच्या अंतरावर आहे. रस्ता पायांना माहितीय. हॉलमधला पंखा, फळा, भिंतीवरचे फोटो, सगळं जुन्या सवयीचं आहे, आणि नाव आठवलं नाही तरी चेहरा ओळखीचा वाटणारी चार माणसं तिथे आहेत. नवं सेंटर कितीही चकचकीत बांधलं तरी ही शेवटची गोष्ट त्याला विकत आणता येणार नाही.

तुम्ही म्हणाल आम्हाला यातलं काही येत नाही. खरं सांगायचं तर अशा कामाला फार मोठं शिक्षण लागत नाही हे आपल्या शेजारच्या गोव्यातच सिद्ध झालंय. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ८१ कुटुंबांबरोबर एक अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथलीच, थोडं ट्रेनिंग दिलेली माणसं, मागे तज्ज्ञांची देखरेख, ही माणसं घरी जायची, आजार म्हणजे काय ते घरच्यांना समजावून सांगायची, चिडचिड-भटकणं-संशय हे कसं हाताळायचं ते बोलायची, आणि ऐकून घ्यायची. सहा महिन्यांनी मोजलं तर सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास स्पष्टपणे कमी झालेला होता. आजार बरा नाही झाला, तो होणारही नाही, पण घर सावरलं. मला वाटतं ही गोष्ट प्रत्येक संघाच्या फळ्यावर लिहायला हवी.

आणि पुण्याला तर पेशंट आणि सांभाळणारा दोघांना एकत्र बोलवायची कल्पना अजिबात नवीन नाही. पार्किन्सन्स मित्रमंडळ इतकी वर्षं हेच करतंय. पेशंटला ते शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर, दोघंही जोडीने सभेला येतात, सहलीला जातात, एप्रिलमध्ये जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या मेळाव्याला येतात, आणि हात थरथरतायत, चालताना पाय अडतायत म्हणून कोणी कोणाला लाजत नाही. स्किझोफ्रेनियासाठी डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात १९९७ साली सा ही संस्था सुरू केली, तिथेही घरच्यांचे स्वमदत गट हा कामाचा मोठा भाग आहे. व्यसनमुक्तीत मुक्तांगणने बायकांना आणि घरच्यांना किती आधी सामील करून घेतलं ते तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहितीय. मग डिमेन्शियाच्याच बाबतीत आपण माणसाला घरात का ठेवतो? मला वाटतं कारण असं आहे की या आजारात माणूस चारचौघांत चुकतो, आणि ज्या माणसाला आपण हुशार म्हणून ओळखायचो त्याला चुकताना बघणं आपल्याला सहन होत नाही. ते मला समजतं. पण त्याला घरी बसवून त्याचं चुकणं कमी होत नाही, फक्त आपल्याला दिसायचं थांबतं.

बाहेरच्या देशांतलं एकच उदाहरण देते, कारण ते तुमच्या हॉलसारख्याच हॉलमध्ये झालं. ॲम्स्टरडॅममध्ये १९९३ साली रोज-मरी ड्रोज या संशोधक बाईंनी वस्तीतल्या साध्या कम्युनिटी सेंटरमध्ये अशी भेटीची केंद्रं सुरू केली, पेशंटसाठी ॲक्टिव्हिटी आणि त्याच छताखाली घरच्यांसाठी गप्पा आणि माहिती. आज नेदरलँड्समध्ये अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत.

आता दोन तासांत करायचं काय, हे सविस्तर लिहिते कारण अडतं ते इथेच.

वेळ सकाळची ठेवा, साडेदहा ते साडेबारा. तुमचे संघ बहुतेक संध्याकाळी पाच ते सातला भरतात आणि डिमेन्शियाच्या माणसासाठी हीच वेळ सगळ्यात वाईट. ऊन उतरायला लागलं की अनेकांची बेचैनी वाढते, फेऱ्या मारणं, घरी जायचंय म्हणणं (घरातच असताना), संशय घेणं, चिडणं. सकाळी तेच माणूस बरंच शांत असतं. बाबा संध्याकाळच्या बैठकीत जे वागायचे ते सकाळी अकराला वागले नसते असं मला आज पक्कं वाटतं.

माणसं कमी घ्या. आठ-दहा जोड्या पुरे. खुर्च्या गोल मांडा, ओळीने नको, ओळीने मांडल्या की माणूस समोरच्याच्या पाठीकडे बघत बसतो. माइक आणि मोठा स्पीकर बंद. कराओके तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडतं हे माहितीय, पण त्या आवाजात हे लोक गोंधळतात, त्यापेक्षा एक पेटी आणि टाळ पुरतात. छातीवर मोठ्या अक्षरात नावाची पट्टी सगळ्यांनी लावायची, अगदी अध्यक्षांनी पण, म्हणजे कोणालाच नाव आठवायचं ओझं नाही. बाथरूमच्या दारावर ठळक अक्षरात लिहा आणि शक्यतो चित्र पण लावा, कमोड हवा, आतली कडी काढून टाका कारण आत जाऊन कडी लावली की उघडता येत नाही आणि मग दार फोडायची वेळ येते. फरशीवर चकाकी किंवा काळी नक्षी असेल तर त्यावर पाय टाकायला काहीजण घाबरतात, त्यांना तो खड्डा वाटतो किंवा पाणी वाटतं, तिथे हात धरा, हसू नका. हॉलच्या दारापाशी एक माणूस कायम बसलेला हवा.

ॲक्टिव्हिटी म्हटलं की लोक लगेच लहान मुलांची रंगवायची पुस्तकं आणतात आणि टाळ्या वाजवून छान छान म्हणतात. कृपा करून हे करू नका. ज्या बाईने चाळीस वर्षं शाळा चालवली तिच्यापुढे सशाचं चित्र ठेवायचं नाही. हातांना जे आयुष्यभर येत होतं ते द्या. कापूस द्या, फुलवाती वळायला सांगा, ज्या आजींना मुलीचं नाव आठवत नाही त्या पन्नास वाती एकसारख्या वळतात, मी हे बघितलंय. मेथीची जुडी निवडायला द्या, मटार सोलायला द्या, भिजवलेले वाल सोलायला द्या, आणि ते खरोखर वापरा, त्या मटारचा उपमा करून सगळ्यांना द्या. नाटकीपणा त्यांना लगेच कळतो. काका लोकांना पत्ते द्या, बदाम सात बऱ्याच जणांना जमतं, नाही जमलं तर नुसते पिसू देत. जुने कागद नीट घडी घालून पाकिटात भरायचं काम द्या, संघाची पत्रकं असतातच की. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, जुन्या शाळेत घोकलेलं सगळं. आमच्या बाबांना सकाळचा नाश्ता झाला का ते सांगता येत नाही पण मी पावकीचं पहिलं वाक्य म्हटलं की पुढची सगळी ते न अडखळता म्हणतात आणि म्हणून झालं की ताठ बसतात. याचं कारण असं की अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नव्या आठवणी साठवतो तो आधी खराब होतो, आणि हाताच्या सवयी, लय, चाल, घोकंपट्टी हे दुसऱ्या भागांत असतं, ते खूप उशिरापर्यंत टिकतं. म्हणून गाणं. भोंडल्याची गाणी, आरत्या, ओव्या, रेडिओवरची जुनी भावगीतं. बोलणं जवळजवळ थांबलेली माणसं गाण्याची ओळ पूर्ण करतात.

जुन्या वस्तू आणा. अडकित्ता, पानाचा डबा, स्टोव्हची पिन, कंदील, चार आण्याचं नाणं, पोस्टकार्ड. हातात द्या आणि बोलू द्या. सांगितलेली गोष्ट खरी की खोटी ते तपासायचं नाही. एखादे काका म्हणाले की ते कालच कराचीहून आले, तर कराचीबद्दल विचारा.

याच्याही पुढे जाऊन थोडं शिस्तीत करायचं असेल तर कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी नावाची पद्धत आहे, ब्रिटनमध्ये तयार झालेली, १४ सेशन, आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाची, छोट्या गटात, दर वेळी एक विषय, खाणं, बालपण, आवाज, पैसे वगैरे. तिथल्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातल्या डिमेन्शियासाठी ती सुचवलेली आहे, आणि चेन्नईत भारतीय लोकांसाठी ती बदलून वापरली गेलीय. एखादी सायकॉलॉजीची मुलगी किंवा रिटायर्ड शिक्षिका हे शिकून घेऊ शकते. पण सुरुवात त्यानेच करायला हवी असं नाही, सुरुवात कापसाने करा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, समोर येऊन "ओळखलंत का मला?" असं विचारू नका. आपल्याकडे ही सवय इतकी पक्की आहे की प्रेमापोटीच विचारलं जातं, पण त्या माणसाची सगळ्यांसमोर परीक्षा होते आणि तो नापास होतो, आणि मग पुढचा तासभर तो आखडून बसतो. स्वतःच सांगा, मी अमुक, आपण सहलीला बरोबर जायचो. तसंच "आत्ताच सांगितलं ना" हे पण नको. पाचव्यांदा विचारलं तर पाचव्यांदा सांगा.

या दोन तासांतला एक तास सांभाळणाऱ्यांचा. शेजारची खोली असेल तर उत्तम, नाहीतर हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात पण नजरेच्या टप्प्यात. तिथे भाषण नको. आधी चहा. मग ज्याला बोलायचं तो बोलेल. विषय आपोआप निघतात, रात्रीची झोप, डायपर कुठला चांगला, बँकेत सही जुळत नाही, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला कसा दिला, अंघोळीला नाही म्हणतात तेव्हा काय करायचं, माझ्यावरच चोरीचा आळ घेतात. यातल्या कितीतरी गोष्टी डॉक्टरांना नाही पण पाच वर्षं सांभाळलेल्या बाईला माहिती असतात. आणि त्या तासात हेही कोणीतरी बोलतं की मला कधीकधी वाटतं हे सगळं लवकर संपावं, आणि बाकीचे दचकत नाहीत, कारण ते सगळ्यांच्या मनात येऊन गेलेलं असतं. हे वाक्य ती बाई दुसऱ्या कुठल्याही खोलीत बोलू शकत नाही, घरात नाही, माहेरी नाही.

मावशींना पण बोलवा. बऱ्याच घरांत ब्युरोकडून आलेल्या मावशी बारा-बारा तास पेशंटबरोबर असतात, त्यांना या आजाराबद्दल कोणी एक शब्द शिकवलेला नसतो आणि आजोबा अंगावर धावून आले की त्या काम सोडून जातात, मग नवीन मावशी, मग परत पहिल्यापासून. त्यांना बाहेर पायरीवर बसवू नका, गोलात खुर्ची द्या, त्या पण शुभंकरच आहेत.

आता तुमच्या शंका, मी ऐकलेल्या. जबाबदारी कोणाची? सांभाळणारी व्यक्ती पूर्ण वेळ त्याच आवारात राहणार, तसं एका कागदावर लिहून घ्या, प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबरचं कार्ड ठेवा, जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावा, एवढं केलं की तुमची वार्षिक सहल याच्यापेक्षा जास्त जोखमीची आहे. पैसे? कापूस, भाजी, चहा, बिस्किटं. हॉल महापालिकेचा असेल तर सकाळची वेळ वापरायची परवानगी नगरसेवकाकडून किंवा वॉर्ड ऑफिसमधून मागा, संघाच्या लेटरहेडवर मागितलेलं लवकर मिळतं, आम्ही एकेकट्याने मागून काही होत नाही. माणसं? जवळच्या कॉलेजची एनएसएसची मुलं, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, तुमच्यातल्याच रिटायर्ड नर्स आणि शिक्षिका.

आणि बाकीचे सभासद घाबरतात, त्यांना बघवत नाही, ही शंका सगळ्यात खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. सत्तरीच्या माणसाला दुसऱ्याचं विसरणं बघून स्वतःची भीती वाटणारच. पण भीती माहितीने कमी होते. जपानमध्ये २००५ पासून साध्या नागरिकांना दीड तासाचं ट्रेनिंग देतात, शाळेतल्या मुलांपासून बँकेतल्या कारकुनांपर्यंत, आणि तिथे असं ट्रेनिंग घेतलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेलीय. दीड तास म्हणजे तुमचं एक व्याख्यान. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ बोलवा, एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही १९९२ पासून देशभर काम करणारी संस्था आहे, त्यांच्या शाखा आहेत, त्यांना बोलवा. त्याच व्याख्यानात हेही कळेल की प्रत्येक विसरणं डिमेन्शिया नसतं. बी-ट्वेल्व्ह कमी असलं तरी विसरायला होतं आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते खूपदा कमी असतं, थायरॉइड असतो, डिप्रेशन असतं, झोपेच्या गोळ्या असतात, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त असतं, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. तुम्ही शिबिरात शुगर-बीपी तपासता तसं विसरण्याबद्दलही विचारा, ऐकू कमी येतंय का ते तपासा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या २०२४ च्या कमिशनने डिमेन्शियाच्या बदलता येण्यासारख्या १४ कारणांमध्ये कमी ऐकू येणं आणि एकटेपणा ही दोन्ही धरलीत, आणि १४ कारणांवर काम झालं तर जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे संघात माणसं जमवून तुम्ही जे रोज करताय ते या आजाराविरुद्धचंच काम आहे, ते फक्त आजार झाल्यावर थांबवू नका.

गावांकडच्या संघांसाठी एक-दोन ओळी. तुमच्याकडे हॉल नसेल पण देवळाचा सभामंडप आहे आणि भजनी मंडळ आहे, आणि आशाताईंना कोणत्या घरात कोण म्हातारं माणूस आतल्या खोलीत आहे हे माहिती असतं. त्यांना विचारा. तिथे म्हातारचळ लागलाय म्हणून विषय संपवला जातो, तो संपवू देऊ नका.

एका गोष्टीचा विश्वास आहे मला. हास्यक्लब मुंबईत १९९५ साली एका बागेत पाच माणसांपासून सुरू झाला आणि आज महाराष्ट्रात क्वचितच अशी बाग असेल की जिथे सकाळी हसण्याचा आवाज येत नाही. ते सरकारी योजनेतून नाही झालं, तुमच्यासारख्या ज्येष्ठांनी शेजाऱ्याला हाक मारून केलं.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी बॅनर आणि पाहुण्यांचा सत्कार ठेवण्यापेक्षा पहिली सकाळ ठेवा. त्याच्या आधी तुमचं जुनं रजिस्टर काढा, गेल्या चार-पाच वर्षांत जे यायचे बंद झाले त्यांची नावं बघा, जे वारले ते सोडून बाकीच्यांच्या घरी फोन करा. फोन नुसता पेशंटसाठी करू नका, वहिनींना विचारा तुम्ही कशा आहात, आणि पुढच्या बुधवारी दोघंही या म्हणा. पहिल्या वेळी नाही म्हणतील, लाज वाटते म्हणून, दुसऱ्यांदा फोन करा.

तुमच्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायचा असेल तर आम्ही दोन-तीन घरचे लोक येऊन सगळं समजावून सांगू, हॉलमध्ये काय बदल लागतील तेही दाखवू, कापूस आणि नावाच्या पट्ट्या आम्ही घेऊन येतो. बैठक फक्त दुपारी तीनच्या आत ठेवा, चारनंतर आम्हाला घरातून निघता येत नाही.

तुमच्याच एका माजी खजिनदारांची सून